डेस्कटॉप सीमध्येच असतो

"अगं, तिथं सी ड्राइव्ह शोधून सापडायचा नाही. ते फुकटवालं आहे. सरांनी तुला बरोबर दिलंय. फुकटाची सवय असते ना तुमच्यात."

सात टेबलांवर आम्ही सात जण होतो. माझ्याशिवाय सगळे हसले. माझा तिथला पहिला दिवस होता. "तुमच्यात" या शब्दावर तिनं जोरसुद्धा दिला नाही. सहज म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. मी माउस धरून बसले. पडद्यावर माय कॉम्प्युटर नव्हतं, सी नव्हतं, डी नव्हतं. 

ती अश्विनी.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. एका खाजगी एजन्सीनं काम घेतलं होतं. एजन्सीचं नाव घेत नाही. चाकूर, उदगीरकडच्या वाड्या-वस्त्यांची माहिती कॉम्प्युटरवर टाकायची. कुठली विहीर आटली, कुठलं बोअर बंद पडलं, माणसं किती, जनावरं किती. गावोगाव फिरून भरलेले कागद आमच्याकडं यायचे. आमच्या यादीवरून टँकरचा प्रस्ताव पुढं जायचा. यादीत वस्ती नाही, तर टँकर नाही. इतकं साधं होतं ते.

मी चाकूरजवळच्या एका गावातली. गावाबाहेर आमची बौद्धवस्ती. माय दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. मी चाकूरला सरकारी कोर्स केला, तिथं एका मशीनला चार जण होते. माझा नंबर यायचा पंधरा मिनिटं. म्हणून मी पडदा वहीत काढून घ्यायचे. घरी कंदिलासमोर नाही, चांगल्या लाइटीखाली बसून, पण कागदावरच क्लिक करायचे. त्या वहीत माय कॉम्प्युटर होतं, त्यात सी होता, डी होता. मला वाटायचं जगातली सगळी मशीनं अशीच असणार.

अश्विनीच्या घरी सातवीपासून कॉम्प्युटर. मोठी जमीन, लातुरात बंगला. तिच्या वडिलांच्या मळ्यातल्या दोन बोअरना त्या उन्हाळ्यातही पाणी होतं. ती स्कूटीवर यायची. घरी स्वतःचा लॅपटॉप. कीबोर्डकडं न बघता टाइप करायची आणि करता करता फोनवर बोलायची.

मला तिचा हेवा वाटायचा. उगाच गोड कशाला बोलू, जळायचे मी. सगळ्यात जास्त जळायचे तिच्या केसांवर. आठवड्यातून दोनदा केस धुवून यायची. शाम्पूचा वास खोलीभर. आम्ही घरात पाच माणसं आणि एक घागर. मी केसांना तेल चोपडून घट्ट वेणी घालायचे, म्हणजे मळलेले दिसत नाहीत. तिचे केस वाऱ्यावर उडायला लागले की माझ्या पोटात आग पडायची. देवाधर्माला मानत नाही मी, पण मनातल्या मनात तिला शिव्याशाप दिलेत.

आणि उदगीर. आमचे ऑफिसचे सर रोज सांगायचे, "उदगीर जिल्हा होणार बघा. झाला की तिथं आपलं ऑफिस. एक जण कायमचा घेणार, सुपरवायझर म्हणून." ती जागा अश्विनीची हे सगळ्यांनी धरलं होतं. तिला ती जागा नको होती, असंही ती म्हणायची. पुण्याला जायचं होतं तिला. मला हवी होती. माय दर रविवारी विचारायची, "तुझं ते उदगीरचं कधी हुतंय?" जसा काही जिल्हा माझ्यासाठीच अडलाय.

ते फुकटवालं मशीन म्हणजे लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी, पैसे न देता मिळणारी सिस्टिम. जुन्या डब्यावर विंडोज चालत नव्हतं, म्हणून टाकलेलं. आठवड्यातून एकदा नांदेडहून सलीमभाई यायचे, मशीनं दुरुस्त करायला. पन्नाशीचे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मी त्यांना हळूच विचारलं, यात सी कुठं असतो? ते हसले नाहीत.

"बेटी, तिकडं हर डब्याला अलग दरवाजा. सी एक, डी एक. पेनड्राइव्ह लावला की ई. इकडं दरवाजा एकच हाय. ही तिरकी रेघ. जे काय हाय ते सगळं हिच्या आत. पेनड्राइव्ह लावला तरी त्याला आतच जागा देतात, बाहेर न्हाई ठेवत."

मी वही काढली. नवीन पान घेतलं. वर तिरकी रेघ काढली. तिच्याखाली होम, होमखाली माझं नाव, नावाखाली माझ्या फायली. त्या दिवशी काय वाटलं ते सांगते. आमचं गाव वेगळं आणि वस्ती वेगळी. विहीर वेगळी, मसणवटा वेगळा. गावाचा सी, आमचा डी. आणि हे एक मशीन असं, की बाहेरून आलेल्यालाही एकाच वेशीच्या आत घेतं. मला फार आनंद झाला. मग मी रूट नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं. मशीन म्हणालं, परवानगी नाही.

"तो मालकाचा हाय," सलीमभाई म्हणाले. "तुला तुझ्या घरापुरतं."

म्हणजे इथंही मालक होताच. वेशीच्या आत घेतलं म्हणून सगळी दारं उघडी नसतात. बरं झालं, लवकर कळलं.

पण एक गोष्ट मला कळली, ती त्या खोलीत कुणालाच कळली नव्हती. डेस्कटॉप म्हणजे पडदा नव्हे. तोही एक फोल्डरच. माझ्या मशीनवर तो माझ्या नावाखाली सापडला. त्यात फाइल टाकली की पडद्यावर दिसायची. पुसली की पडद्यावरूनही जायची. मग मला चैन पडेना. विंडोजमध्ये तो कुठं राहत असेल?

दुपारी अश्विनी जेवायला गेली तेव्हा मी तिच्या खुर्चीवर बसले. निव्वळ शिकायला बसले असं म्हणणार नाही. तिच्या खुर्चीवर बसायचंही होतं मला. सी उघडला. त्यात यूझर्स, त्यात अश्विनीचं नाव, त्यात डेस्कटॉप. आणि डेस्कटॉपमध्ये "फायनल".

फायनल म्हणजे आमचं सगळं काम. रोज संध्याकाळी प्रत्येकानं आपल्या फायली पेनड्राइव्हवर कट करून न्यायच्या आणि अश्विनीच्या डेस्कटॉपवरच्या फायनलमध्ये टाकायच्या. कॉपी करायची नाही, कटच करायचं, म्हणजे आपल्या मशीनवर काही उरायचं नाही. सरांचा नियम होता, दोन कॉप्या झाल्या की घोळ होतो. मी तेवढा एक नियम मोडायचे. मी कॉपीच करायचे. आपल्याकडंही असू द्यावं, कुणाचा काय भरवसा.

"माझ्या खुर्चीवर काय करायलीस?"

अश्विनी दारात होती. मी उठले. ती आली, ओढणीच्या टोकानं आधी माउस पुसला, मग कीबोर्ड, मग खुर्चीचा हात. "धूळ असते गं," ती म्हणाली. सकाळपासून तिनंच वापरलेला माउस होता तो.

नंतरच्या आठवड्यात तिचं मशीन अडकायला लागलं. व्हायरस आला असणार. सर म्हणाले, सलीमभाईला बोलवा. अश्विनी म्हणाली, "कशाला सर, मी करते ना फॉर्मॅट. फक्त सी उडवायचा, डीला हातच लावायचा नाही. माझे फोटो, गाणी, सगळं डीमध्ये आहे."

मी खुर्चीवरून उठले. म्हणाले, "फायनल आधी डीमध्ये घ्या. डेस्कटॉप सीमध्येच असतो."

 अश्विनीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरांकडं बघून म्हणाली, "डेस्कटॉप म्हणजे समोरची स्क्रीन, सर. स्क्रीन कशी फॉर्मॅट होईल?"

सगळे हसले. सरही हसले. "बस तू तुझ्या जागेवर," सर म्हणाले. "तुझ्या फुकटवाल्यात असेल तसं."

मी बसले.

आता जे सांगते ते सोपं नाही. फॉर्मॅटला बराच वेळ लागतो. सीडी टाका, बटणं दाबा, मशीन आधी विचारतं, नक्की का? तेवढ्या वेळात मी परत उठू शकले असते. तिचा हात धरू शकले असते. ओरडू शकले असते. मी उठले नाही. मी तिच्या धुतलेल्या केसांकडं बघत बसले आणि मनात म्हणाले, दाब. दाबून बघ. एकदा तरी तुझं हसू होऊ दे.

तिनं दाबलं.

तासाभरानं मशीन सुरू झालं. निळा स्वच्छ पडदा. फायनल नव्हतं. तिनं डी उघडला, फोटो होते, गाणी होती. परत परत डी उघडत होती. तिचा चेहरा पांढरा पडला. आणि मला गोड वाटलं. खोटं बोलत नाही, गूळ खाल्ल्यासारखं गोड वाटलं.

बाकी सगळ्यांच्या फायली कट करून दिलेल्या, त्या गेल्या. माझ्या मशीनवर माझी गावं शिल्लक होती. त्यात आमची वस्तीही होती. कागद गठ्ठ्यांत होते, त्यामुळं पुन्हा टाइप करता येणार होतं, पण आठवडा तरी जाणार होता. माझी गावं पुढं गेली. बाकीची राहिली.

चौथ्या दिवशी उदगीरकडची एक बाई आली. माझ्या मायच्या वयाची. कुणी पाठवलं माहीत नाही. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, आमच्या वस्तीचा कागद दिला व्हता की. शेजारच्या गावाला टँकर आला. आमचं नाव न्हाई म्हनत्यात. दोन कोसावरून आणायलो पानी. लेकीला दिवस गेलेत, तीबी जाती."

अश्विनी खाली मान घालून टाइप करत होती. माझ्या तोंडातलं गोड गेलं. मी बाईला पाणी दिलं. तिनं तांब्यातलं अर्धंच प्यायलं आणि उरलेलं बरोबरच्या बाटलीत ओतून घेतलं. तिची वस्ती मी त्याच दुपारी पहिली टाइप केली. पण चार दिवस गेले होते ते गेलेच.

संध्याकाळी सरांनी मला आत बोलावलं. अश्विनी खुर्चीवर बसलेली होती. मी उभी. टेबलावर टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं, माझ्या लिनक्सच्या मशीनमधून आणलेल्या पेनड्राइव्हमुळं आणि माझ्या निष्काळजीपणामुळं सर्व माहिती नष्ट झाली.

"तुझ्याच फायली कशा काय वाचल्या?" सर म्हणाले. "वरून विचारणा झालीय. सही कर. उदगीरचं ऑफिस झालं की तिथं तुझंच बघतो. शब्द देतो. हिला तर पुण्याला जायचंय."

माझी जागा. अशी समोर ठेवलेली. सही केली की माझी. मी खरंच पेन हातात घेतलं. मायला काय सांगायचं तेही डोक्यात तयार झालं. मग परत कागद वाचला. माझं नाव, माझं गाव, निष्काळजी. तो कागद कायमचा राहणार होता. उद्या कुणीही म्हणालं असतं, ही बघा, यांच्या हातात मशीन दिलं की असं होतं. माझ्यानंतर येणाऱ्या वस्तीतल्या प्रत्येक पोरीला त्या कागदाखालून वाकून जावं लागलं असतं.

मी पेन खाली ठेवलं. बाहेर गेले, अश्विनीच्या मशीनवर डेस्कटॉपवर एक कोरी फाइल केली, तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. मोठ्यानं वाचलं. सी, यूझर्स, अश्विनी, डेस्कटॉप. सर दारात आले होते. त्यांनी पडद्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

मग मी वहीचं पान फाडलं आणि हातानं लिहिलं. फॉर्मॅट कुणी केला. मी काय सांगितलं. कोण काय म्हणालं, जसंच्या तसं, हसले तेही. खाली लिहिलं, "मला माहीत असून मी दुसऱ्यांदा बोलले नाही, कारण मला अश्विनीचा हेवा वाटत होता. माझी चूक एवढीच आहे आणि ती मी मान्य करते." सही केली. तारीख घातली.

अश्विनीनं ते वाचलं. पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "हे कशाला लिहिलंस?" ती म्हणाली. "हे तर कुणी विचारलंच नव्हतं."

"तुझ्यासाठी न्हाई लिहिलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सरांनी मला सांगितलं. माझा कागद पुढं गेला की केराच्या टोपलीत, मला माहीत नाही. त्याची एक कॉपी माझ्याकडं आहे. उदगीर जिल्हा अजून झाला नाही. मायनं विचारणं सोडलं. मी आता नांदेडला मशीनं दुरुस्त करते. गिऱ्हाईक आधी विचारतं, दुरुस्त करणारा कुठं आहे? मी म्हणते, मीच.

हेवा गेलेला नाही. धुतलेले केस बघितले की आजही पोटात आग पडते. ती विझवायची मला गरज वाटत नाही, कारण पाणी कुणाकडं होतं आणि कुणाकडं नव्हतं हे मी विसरणार नाही. पण त्या आगीत चार दिवस एक पोटुशी बाई दोन कोस चालली. ती मी चालवली. म्हणून ठरवलंय. मला कळलेलं मी सांगणार. हसले तरी सांगणार, बस म्हणाले तरी उभी राहून सांगणार, आणि ऐकलं नाही तर हात धरणार. मग तो हात कुणाचाही असो, आणि मी धरल्यावर तो कुणी कितीही पुसो.