मधल्या थांब्याला टाळी नाही

युरोपचं संगीत माझ्या बायकोच्या मामांइतकं मनापासून ऐकणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मला स्वतःला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही आणि दोन्ही तालुके मी काही घरोघर फिरून तपासलेले नाहीत, तरीही सांगतो. मामा लोधिवलीच्या अलीकडच्या एका गावात भात आणि वाल पिकवतात. तरुणपणी ते गावाबाहेरच्या एका बंगल्यावर माळीकाम करायचे. बंगल्याचे मालक म्हणजे एक म्हातारे पारशी शेठ. ते शनिवार-रविवार मुंबईहून यायचे, व्हरांड्यात तबकड्या लावायचे आणि झाडांना पाणी घालणाऱ्या मामांना एकेका तबकडीची गोष्ट सांगायचे. पुढे बंगला विकला तेव्हा शेठनी ग्रामोफोन आणि पेटीभर तबकड्या मामांच्या हवाली केल्या. मामांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी त्या सगळ्या संगीतकारांना भावकीत घेऊन टाकलं. एक झाले ‘वीस लेकरांचे आजोबा’, दुसरे ‘कान गेलेले दादा’, आणि पस्तिशीत गेलेला तिसरा म्हणजे ‘आपला पोरगा’. या पोराचा विषय निघाला की मामांचा आवाज अजून दाटून येतो. “काय वय होतं त्याचं! सोन्यासारखा पोरगा गेला!” एकदा शेजारच्या काकूंनी हे कुंपणावरून ऐकलं आणि त्या बिचाऱ्या चहा-साखर घेऊन समाचाराला आल्या. पोरगा जाऊन दोनशे वर्षं झाली हे कळल्यावरही त्या थोडा वेळ बसल्या, आणि चहा-साखर काही परत नेली नाही.

दुपारचे चार वाजले की मामा हातपाय धुऊन, स्वच्छ टोपी घालून ओटीवर बसतात आणि ग्रामोफोनला चावी देतात. मी खोपोलीला नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी अधूनमधून तिकडे जातो आणि भिंतीला टेकून त्यांच्याजवळ बसतो. खरं सांगायचं तर मला तिथे झोप फार छान लागते. समोर कापणी झालेल्या खाचरांतला वाल, ऊन कलतं झालेलं, आणि कुठल्या तरी थंड देशातली व्हायोलिनं त्या उन्हात पाय मोकळे करायला आल्यासारखी वाजताहेत. जागेपण आणि झोप यांच्या मधल्या बांधावर बसून मी मामांचं सगळं शास्त्र शिकलो. तबकडी संपली तरी मामा उठत नाहीत. सुई उचलून ठेवतात आणि डोळे मिटून आणखी अर्धा तास तसेच बसतात. तेवढ्या वेळात कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. विचारलं तर म्हणतात, “गाणं अजून हवेत हाय.”

त्यांचा संगीताचा इतिहास असा. पहिल्यांदा साधूबैरागी देवळात एका सुरात गायचे, आपली आरती चालते तसे. मग एक गडी उशिरा आला. “त्यानं काय केलं, पयल्यापासून सुरुवात केली. आधीचे थांबले नाय. मंग तिसरा आला, त्यानंबी पयल्यापासून. गोंधळ व्हायचा तर तो झाला नाय, उलट देऊळ भरून गेलं. ते वळन आजोबांनी पक्कं केलं.” त्यानंतर आले सूर घरी परतणारे दिवस. “राबातलं रोप उपटायचं, दुसऱ्या खाचरात लावायचं. तिथं पानी, वारा, किडा, सगळं सोसतं. पन शेवटी भारे येतात आपल्याच खळ्यावर. सुराचंबी तसंच. खळ्यावर आला नाय त्याला पीक म्हनत नाय, जावयबापू!” पुढे माणसांची मनं मोठी झाली, दुःखंही मोठी झाली, आणि पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वादक लागू लागले. “घाट आला ना! कर्जतला गाडीच्या मागं इंजिनं लावतात ती कशाला? एका इंजिनानं भागंना.” आणि नंतर लढाया झाल्या. “तवापासून सूर घरी यायचाच थांबला. कुनाला घरच राह्यलं नव्हतं.” हे वाक्य म्हणून मामा उठतात आणि म्हशीला पाणी दाखवतात.

त्यांचा एक नियम मात्र साऱ्या गावाला पाठ आहे. गाण्याचे चार भाग असतात, मध्ये वाजवणारे थांबतात, आणि त्या थांब्याला टाळी वाजवायची नाही. तो थांबाही गाण्यातलाच असतो. एकदा सरपंच भाषण करताना पाणी प्यायला थांबले आणि लोकांनी सुटकेच्या आनंदात टाळ्या वाजवल्या. मामा एक बोट वर करून उभे राहिले. “थांबा! अजून संपलं नाय!” सरपंचांना इतकं भरून आलं की ते आणखी पाऊण तास बोलले. पुढे आठवडाभर मामांशी कुणी धड बोललं नाही, पण नियम तेव्हापासून रुजला. आता शाळेत कवितेच्या मध्ये पोर अडलं, भजनात बुवा खाकरले, तरी गाव एक बोट वर करून गप्प बसतं.

या साऱ्या प्रकाराची मामीला भारी गंमत वाटायची. मामी म्हणजे पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आमच्या भागात पूर्वी लग्नाचे विधी धवलारीण गाऊन लावायची. हळद दळण्यापासून लेक निघेपर्यंत जे जे होई, त्याचं गाणं असे, ते धवळे. मामांनी एकदा तिला ऑपेरा समजावून सांगितला. क्षयानं आजारी असलेली बाई मरता मरता बराच वेळ गाते, वगैरे. मामीनं भाकरी उलटता उलटता विचारलं, “मधी खोकला नाय आला तिला?” मामा म्हणाले, “धवळाच हाय गं तो. फक्त तिकडं लगीन लागत नाय, मानूस मरतो.” पण गावात डीजे आला आणि मामीला बोलावणी येणं बंद झालं. बारा-पंधरा वर्षं तिनं मांडवात तोंड उघडलं नाही.

मग या माघात त्यांच्या धाकट्या नातीचं लग्न ठरलं, आणि नातीनं हट्ट धरला की हळदीला आजीच गाणार. मामी घाबरली. मी तिला घाबरलेली प्रथमच पाहत होतो. “मधली कडवी गळली रं माझी,” ती मला म्हणाली. “भर मांडवात अडले तर? लोक हसतील. पोरीच्या कार्यात हसं नको.” मामा नुसते म्हणाले, “नाय हसनार.” तेव्हा मामी चिडली. “तुमाला काय जातंय! तुमी तबकड्या लावून बसता. माझं गानं कवा ऐकलंय तुमी?” मामा म्हशीला पाणी दाखवायला उठले.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडव भरला. डीजेवाल्याला गाणं संपेस्तोवर गप्प राहायला बजावलं होतं. मामीनं डोळे मिटून सुरुवात केली. आवाज जुना झाला होता, पण खरा होता. बायका हळूहळू पदर सावरून पुढे सरकल्या. शेवटच्या धवळ्यात सासरी निघालेली लेक उंबऱ्याशी थांबते. मामी गायली, “आईनं पुसलं, लेकी, काय गं इसरली?” आणि थांबली. ओठ हलले, पण पुढची ओळ येईना. उष्टी हळद घेऊन आलेली नवऱ्याकडची मंडळी टाळीसाठी हात उचलू लागली, डीजेवाल्याचा हात बटणाकडे गेला, आणि त्याच क्षणी सगळ्या गावानं एकेक बोट वर केलं. म्हाताऱ्यांनी, पोरांनी, खुद्द सरपंचांनीसुद्धा. कुणी हसलं नाही, कुणी खोकलं नाही. लांब घाटात गाडीची शिटी झाली तेवढीच. ती शांतता किती वेळ टिकली कोण जाणे. मग मागून, जेवणाच्या टोपांजवळून, एक भयंकर बेसूर आवाज आला.

“इसरले नाय गं आये, वास घेते घराचा.”

ते मामा होते. त्यांना आम्ही कुणी आयुष्यात गाताना ऐकलं नव्हतं, आणि का ऐकलं नव्हतं तेही लगेच कळलं. मामीनं वळून पाहिलं, पदर डोळ्याला लावला, ती ओळ आपल्या सुरात परत घेतली आणि धवळा शेवटपर्यंत नेला. नात रडत होती, मी रडत होतो, डीजेवालाही नाक ओढत होता.

संध्याकाळी मी मामांना विचारलं, “तुम्हाला धवळे येतात?” ते थोडे लाजले. “तबकडी संपल्यावर मी अर्धा तास कशाला बसतो, जावयबापू? त्या येळी ती आत भाकऱ्या थापते. थापताना गुनगुनते. चाळीस वर्सं झाली. तिला सांगितलं असतं तर तिनं गुनगुननं बंद केलं असतं.”

मामी आता थकली आहे. परवा गेलो तेव्हा ग्रामोफोन बंदच होता. ती ओटीवर वाल सोलत बसली होती, मामा शेजारी डोळे मिटून. ती एखादी ओळ गुणगुणायची आणि मग बराच वेळ नुसत्या शेंगांचा आवाज यायचा. असाच एक लांब थांबा आला. ऊन ओटीवरून उतरलं होतं. गाणं संपलं असं समजून मी निघायला उठलो. मामांनी डोळे न उघडताच एक बोट वर केलं, आणि मी पुन्हा खाली बसलो.