अंग जागंच राहिलं

एप्रिलच्या दुपारी मी अंगणात आमसुलाच्या साली वाळत घालत होते. फोन वाजला आणि हातातलं सूप खाली पडलं. धावत जाऊन फोन कानाला लावला, तर रेकॉर्ड केलेली बाई कन्नडमधून सांगत होती की तुमचा रिचार्ज संपत आलाय. तिचं सांगून झालं, फोन बंदही झाला. तरी माझ्या छातीत धडधडत होतं. भर उन्हात तळहात गार पडले होते, जीभ टाळूला चिकटली होती, आणि पोटात अशी कळ आली की मला परसाकडे पळावं लागलं.

परत आले तेव्हा नवरा खाली सांडलेल्या साली वेचत होता.

"कुनाचा फोन हुता?"

"कुनाचा न्हाई. रिचार्जचा."

"मग एवढी पांढरीफटक का पडलीस?"

मी साली पुन्हा पसरायला लागले.

मी आशा कार्यकर्ती आहे. गावातल्या गरोदर बायांची आणि तान्ह्या मुलांची नोंद ठेवायची, लसीच्या दिवशी घरोघर हाका मारायच्या, वेळ आली की बाईला दवाखान्यात पोचवायचं, हे माझं काम. माहेर खानापूरकडचं, सासर इथलं, कर्नाटकातल्या जोयड्याच्या जंगलातलं. आमचं गाव आणि दिग्गीच्या वाटेवरच्या तीन वाड्या माझ्याकडे आहेत. आमच्या घरी फोनला रेंज येते ती अंगणाच्या एकाच कोपऱ्यात, फणसापाशी. तिथं खिळ्याला पिशवी टांगून मी फोन त्यात ठेवते. भाकरी थापताना, भात लावताना, देवापुढे बसले तरी एक कान त्या पिशवीकडे. अशी चौदा वर्षं गेली.

रिचार्जच्या त्या फोनच्या आधीच्या पावसाळ्यात एक बाळंतपण रस्त्यात झालं होतं. वाडीतल्या कुणबी घरातली सून, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते. सकाळी नऊच्या सुमाराला तिच्या सासूचा फोन आला. भाड्याची जीप घेऊन मी गेले, तिला आणि सासूला आत घातलं आणि निघालो. निम्मी वाट आली असेल, तर रस्त्यावर ऐनाचं झाड आडवं. नुकतंच पडलेलं, पानं अजून टवटवीत. मागं फिरून उपयोग नव्हता, पुढं जाता येत नव्हतं, आणि तिथं रेंजही नव्हती. ड्रायव्हर कोयता आणि माणसं आणायला पावसात पळत गेला.

तो परत येईपर्यंत बाळ थांबलं नाही. सासूनं जीपच्या दाराला लुगडं बांधून आडोसा केला. बाळ आलं, पण रडेना. मी त्याला कोरडं केलं, पाठ चोळली, तळवे चोळले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ते मांजरीच्या पिल्लासारखं ओरडलं. त्याला आईच्या छातीशी दिलं आणि खाली बघितलं, तर रक्त थांबत नव्हतं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की बेंबीखाली पोट हाताला घट्ट लागेपर्यंत चोळत राहायचं. मी चोळत राहिले. ती म्हणत होती, "अक्का, मला झोप येतीया." मी म्हणत होते, "झोपायचं न्हाई बाई, बोल माझ्याशी. काय नाव ठेवायचं त्याचं, सांग." माणसं आली, झाड तोडलं, जीप सुटली. दवाखान्यात पोचेपर्यंत माझा हात तिच्या पोटावरून निघाला नव्हता. दोघंही वाचली.

त्या सगळ्या वेळात माझा हात एकदाही थरथरला नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. डोकं थंड होतं. आशांच्या पुढच्या बैठकीत टाळ्या वाजल्या. बाळंतपणाच्या त्या दिवशी घरी येऊन मी गरम पाण्यानं आंघोळ केली, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि गाढ झोपले.

जे व्हायचं ते आठवड्यानंतर सुरू झालं. सकाळी उठले की जबडा दुखायचा. झोपेत दात खाते, असं नवरा म्हणाला. गणपतीत तर मागची एक दाढच कपचीसारखी तुटली. मान आणि खांदे आखडलेले. बैठकीच्या दिवशी सकाळी तीनदा परसाकडे. फोन वाजला की छातीत घोडा उधळायचा. रात्री पडल्या पडल्या दमलेलीच असायचे आणि सकाळी उठताना त्याहून जास्त दमलेली.

शेजारच्या काकी म्हणाल्या, पित्त आहे, चहा सोड. सोडला. कुणी म्हणालं, रस्त्यात रक्त सांडलं त्या जागेचं काही लागलं असेल, नारळ ठेवून ये. नवऱ्यानं ठेवलासुद्धा. मी त्याला नको म्हणाले नाही. मनात मात्र वेगळीच भीती होती. माझे वडील शेतात नांगर सोडून बांधावर बसले ते तिथंच गेले. हृदय बंद पडलं. मला वाटायचं, आता माझी पाळी. ही भीती मी कुणाला बोलून दाखवली नाही, आणि छातीत धडधडलं की त्या भीतीनं आणखी धडधडायचं.

रिचार्जच्या फोननंतर मात्र नवऱ्यानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मला तालुक्याला घेऊन गेला. ज्या बाकावर मी दुसऱ्यांना नेऊन बसवते, तिथं मी पेशंट म्हणून बसले, तर नर्स म्हणाली, "आज कुणाला आणलंय अक्का?" लाजेनं मी म्हणाले, "मीच आलेय."

डॉक्टरीणबाई तरुण होती, धारवाडकडची, कन्नड बोलणारी. तिनं ईसीजी काढला, रक्त तपासायला दिलं, सगळं ऐकून घेतलं. ईसीजीची पट्टी टेबलावर पसरून म्हणाली, "हृदय चांगलं आहे, अक्का. घाबरू नका."

मला बरं वाटायला हवं होतं, पण रागच आला. "मग मी नाटक करते का?"

"नाही हो. सगळं खरंच होतंय, म्हणून तर सांगते." तिनं पेन खाली ठेवलं. "धोका दिसला की शरीर पळायच्या नाहीतर लढायच्या तयारीला लागतं. तुम्हाला विचारत बसत नाही. हृदय जोरात चालतं. रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे जातं, कातडीकडचं कमी होतं, म्हणून तळवे गार. त्या वेळी जेवण पचवायची गरज नसते, म्हणून तोंड कोरडं आणि पोट बिघडलेलं. जबडा, खांदे आवळून तयार. त्या दिवशी जीपमध्ये याच तयारीनं तुम्हाला काम करू दिलं. काम झाल्यावर ती उतरायला पाहिजे होती. ती उतरायच्या आत दुसरा फोन आला असेल, मग तिसरा. अंग जागंच राहिलं."

मग तिनं विचारलं, "फोनकडे कान नाही, असं तुम्ही शेवटचं कधी बसला होता?"

मी आठवत राहिले. मुलीला बेळगावच्या वसतिगृहात सोडायला गेले होते, त्या दिवशी फोन बंद पडला होता. तो दिवस सांगितला. त्याला तीन वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाईनं मान हलवली. तिच्याही डोळ्यांखाली काळं होतं.

तिनं मला श्वास सोडायला शिकवलं. घ्यायचा साधा, सोडायचा सावकाश, घेतल्याच्या दुप्पट वेळ. श्वास लांब सोडला की हृदयाचा वेग थोडा खाली येतो, म्हणाली. "एका दिवसात जादू होणार नाही. पण अंगाला रोज सांगत राहायचं."

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मात्र मी हसले. हिमोग्लोबिन कमी. चौदा वर्षं बायांच्या हातावर लोहाच्या गोळ्या ठेवून, माझ्यासमोर गिळ म्हणून दटावणारी मी! निम्मा थकवा तिथंच होता. डॉक्टरीणबाईही हसली आणि तीच लाल गोळी माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "माझ्यासमोर गिळा."

घरी येऊन पहिल्यांदा मी फोनची रिंग बदलली. जुन्या घंटीऐवजी बासरी लावली. तीन-चार दिवस बरे गेले. मग बासरी वाजली तरी हात गार पडायला लागले. अंग मूर्ख नसतं, त्यानं बासरीही शिकून घेतली. फरक एवढाच की आता गार पडलेले हात बघून वडील आठवत नव्हते. काय चाललंय ते कळत होतं. फोन उचलण्याआधी एक श्वास सोडायचे, खांदे कानापाशी गेलेले असायचे ते खाली आणायचे, मग 'हॅलो' म्हणायचे.

असं लक्ष ठेवता ठेवता एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती मला आवडली नाही. त्या वाडीतल्या त्या घरी मी वर्षभरात गेलेच नव्हते. बाळाच्या प्रत्येक लसीच्या वेळी काही ना काही कारण निघालं होतं, आणि अंगणवाडीच्या बाईला मी तिकडं पाठवलं होतं. कारण खरं असायचं, पण दर वेळी कसं निघायचं?

मे महिन्यात एके सकाळी मी चालत निघाले. ऐनाचा तोडलेला बुंधा अजून रस्त्याकडेला होता. तिथं आले आणि थांबले. पुन्हा तेच कोरडं तोंड, तीच धडधड. रस्ता सुका, आभाळ मोकळं, कुठं काही नाही, तरी अंग त्या दिवसातच उभं. मी दगडावर बसले. श्वास सोडत राहिले. स्वतःशीच मोठ्यानं बोलले, "दोघं वाचल्यात. झालं ते." पाणी प्याले. बराच वेळ गेला, मग पाय चालायला लागले.

मला बघून सून दारातच उभी राहिली. बाळ तिच्या कडेवर, चांगलं गुटगुटीत. म्हणाली, "अक्का, तू रागावलीस का आमच्यावर?"

"न्हाई गं."

"मग येत न्हाईस ती?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, तुझं घर आठवलं की माझे हात गार पडतात. ती खाली बसली आणि रडायला लागली. वाडीच्या वळणावर जीपचा आवाज आला की तिच्या ओटीपोटात कळा यायच्या. महिनाभर दूध कमी झालं होतं. अंगणात ऊन असलं तरी तिला पावसाचा वास यायचा. सासू म्हणायची, झपाटलीय. तीही तेच मानून बसली होती.

मी तिला डॉक्टरीणबाईचं सगळं सांगितलं. कन्नडमधून ऐकलेलं मराठीत, जमेल तिथं त्यांच्या कोकणीत. सासू चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. तीही त्या दिवशी जीपमध्ये होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी विचारलं, "आवशी, तुम्हाला काय होत न्हाई?"

"माका कितें जातलें," म्हणाली, म्हणजे मला काय होणार, आणि पदरानं हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

उत्तर आलं ओसरीच्या टोकाकडून. सासरा तिथं बसून वेत सोलत होता. साठीचा माणूस, एरवी तोंडातून शब्द निघत नाही असा. तरुणपणी मध काढायला गेला असताना अस्वलानं त्याला धरलं होतं, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. खांद्यावर खूण आहे. त्यानंतर तो एकटा रानात गेला नाही, आणि त्यावरून त्याची चेष्टा व्हायची हेही ठाऊक होतं. वेत न सोडता तो म्हणाला, "वाळकी पानं वाजली की माझं हात अजून कापतात. आता आता, फाल्गुनात. मी कुनाला सांगितलं न्हाई. लोक भेकड म्हनत्यात. मलाबी तसंच वाटायचं."

सासू आत गेली, गुळाचा चहा घेऊन आली आणि पहिला पेला मला देण्याऐवजी त्याच्यापुढे ठेवला. बाळ रांगत त्याच्याकडं गेलं आणि सोललेले वेत ओढायला लागलं.

मी मग आठवड्यातून एकदा तिकडं जाऊ लागले. सुनेला घेऊन वळणापर्यंत चालायचं, जीप आली तर तिथंच उभं राहायचं, जाऊ द्यायची. तिचं माझ्याआधी सुधारलं. ती तरुण आहे, आणि तिला फोन बाळगावा लागत नाही.

शेजारच्या गावच्या आशेशी मी बोलले तेव्हा कळलं की तिच्याही दाढा दुखतात. आम्ही दोघींनी रविवार वाटून घेतले. एका रविवारी माझ्या वाड्यांचे फोन ती घेते, दुसऱ्या रविवारी तिचे मी. तेवढंच आमच्या हातात होतं.

माझ्या सुट्टीच्या पहिल्या रविवारी दुपारी जेवून मी ओसरीत आडवी झाले. वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. इतकी दमणूक वर आली की कूस बदलायलाही नको वाटत होतं. धडधड असायची तेव्हा एवढी दमणूक जाणवायचीच नाही. नवरा दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "बरं न्हाई का?"

"दमलेय," मी म्हणाले.

"मग झोप की."

त्यानं उंबऱ्याकडचं दार पुढं ओढलं, कोंबड्यांना हुसकत परसात नेलं, आणि मी दिवे लागेपर्यंत झोपले.