माझी चार वर्षं, त्यांचा बायोडाटा

"मी काय काय काम केलं ते तूच लिही गं. मला कुठं आठवतंय?"

वहिनीसाहेब मोबाईलमधून मान वर न करता बोलल्या. त्या आमच्या संस्थेच्या साहेबांच्या थोरल्या सूनबाई. कवठे महांकाळकडच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून मस्टरवर चार वर्षं नाव त्यांचं. काम माझं. मी बौद्धवाड्यातली. मस्टरवर सफाई कामगार. सकाळी वर्ग झाडायचे, मग कॉम्प्युटरला बसायचं. प्रवेशाचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे अर्ज, हॉल तिकिटं, सगळं मीच करायचे. वहिनीसाहेब सहीपुरत्या यायच्या.

आता त्यांना सांगलीच्या मोठ्या कॉलेजात जायचं होतं. बायोडाटा मी करायचा, खाली सही साहेब करणार.

मी टाईप केलं. 'प्रवेशाचे सर्व अर्ज ऑनलाईन भरले.' 'शिष्यवृत्तीचे काम एकटीने सांभाळले.' वर नाव त्यांचं. सांगायला लाज वाटते, पण मी ते मन लावून केलं. शुद्धलेखनसुद्धा तपासलं.

मग धीर करून साहेबांच्या टेबलापुढं उभी राहिले. "साहेब, शिरवळच्या कंपनीत ऑपरेटरची जागा निघालीया. मलाबी अनुभवाचं पत्र द्या."

पत्र लगेच मिळालं. 'सफाई कामगार. वर्तणूक चांगली.'

"आवं साहेब, कॉम्प्युटर मी चालवती."

"मस्टरवर काय हाय? खोट्या कागदावर सही करू व्हय मी? झाडूवाली हायस, लय उडू नगंस."

ऑफिसात बसलेले दोन सर हसले. त्यांच्या पोरांचे अर्ज मीच भरले होते.

मागून वहिनीसाहेब म्हणाल्या, "प्रिंट काढ माझी. आणि कागदाला शिवायच्या आधी हात धू."

तिथं माझं डोकं सटकलं. परत खुर्चीत बसले. त्यांच्या अनुभवाच्या सगळ्या ओळी पुसल्या. एकच लिहिली: 'चार वर्षे मस्टरवर सही केली.' हात न धुता प्रिंट काढली आणि साहेबांपुढं ठेवली.

"ह्ये खरं हाय. करा ह्याच्यावर सही."

कुणी हसलं नाही. संध्याकाळच्या आत मला कामावरून काढलं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "पान्यात ऱ्हाऊन माशाशी वैर केलंस गं." मला तिचाही राग आला.

शिरवळला गेले. तिथल्या साहेबांनी माझा बायोडाटा वाचला. म्हणाले, "ऑपरेटरचं पत्र नाही ना? मग ही चार वर्षं काढा. फ्रेशर म्हणून घेतो."

नोकरीची गरज होती. लय होती. तरी म्हटलं, "न्हाई काढणार." कागद उचलला आणि बाहेर पडले.

अजून नोकरी नाही. पण माझ्याच चार वर्षांवर मी माझ्या हातानं बोळा फिरवणार नाही. बायोडाट्यात त्या ओळी पहिल्या आहेत. खाली चौकशीसाठी संस्थेच्या साहेबांचा नंबर दिला आहे. ज्याला शंका असेल त्यानं मला कॉम्प्युटरपुढं बसवावं, नाहीतर त्यांना फोन लावावा. खोटं बोलायचंच असेल तर ते त्यांनी बोलावं. दर वेळी. स्वतःच्या तोंडानं.