काकडं घातली का?

धसईहून निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मी शहापूरच्या घरी ओटीवर मेथी निवडत होते. "गणू गेला," एवढंच तो म्हणाला आणि प्यायला पाणी मागितलं. मी त्याला पाणी दिलं, पुन्हा खाली बसले आणि उरलेली जुडी निवडून पुरी केली. माझा धाकटा भाऊ तीन दिवसांच्या तापात गेला होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, आता या मेथीवरून अडून बसणारं कुणी उरलं नाही. हे वाचून कुणाला मी दगडाची वाटले तर वाटू दे.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं अशी रीत आहे. पुरवणीत येणारे असले लेख मी वाचते. त्यातला प्रत्येक माणूस उदार, हसतमुख आणि मितभाषी असतो. असली माणसं जिवंतपणी कुठे दडी मारून बसतात कोण जाणे. आमचा गणू त्यातला नव्हता. खाण्याच्या बाबतीत तो अव्वल नंबरचा नाटक्या होता. भात, वरण, सुकट आणि भाजलेला पापड, झालं त्याचं जेवण. वरणात कोथिंबिरीचं पान सापडलं तर ते दोन बोटांनी उचलून पितळीच्या कडेला चिकटवायचा, मग दुसरं, मग तिसरं, जेवण होईपर्यंत कडेला हिरवी रांग लागलेली असायची. आंबा चिकट, पपईला वास, करवंदाला चीक. आमची आई त्याच्या बाजूची. "नाय खात तर नाय, उपाशी ठेवू का पोराला?" म्हणायची आणि आणखी एक पापड भाजायची. पोरं अशीच बिघडतात, आणि वर आया म्हणतात की जन्मजातच तसा आहे.

बरं, पोट भरायला धंदा कुठला निवडावा? भाजीचा! धसईच्या बाजारात माल घ्यायचा, बैलगाडीत भरायचा आणि मुरबाडला नेऊन विकायचा. वांगं नुसतं हातात घेऊन आत कीड आहे की नाही सांगायचा. गिऱ्हाइकानं विचारलं, "गोड हाय ना रे भोपळा?" तर बेधडक म्हणायचा, "साखर हाय, साखर!" ती साखर त्यानं कधी जिभेला लावली नव्हती.

आणि त्याचा तो प्रश्न... आमच्याकडे मृगात शेवळं नावाची रानभाजी उगवते. ती नुसती शिजवली तर घसा असा खाजतो की मोठा माणूस रडकुंडीला येईल. म्हणून तिच्यात काकडाची आंबट हिरवी फळं ठेचून घालतात. ही काकडं शेवळातच लागतात, दुसऱ्या कशात नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गणूपुढे मेथी ठेवा, दुधी ठेवा, लाल भोपळा ठेवा, तो आधी विचारणार, "काकडं घातली का?" सगळं घर खो खो हसायचं. सगळ्यांत मोठ्यानं मी. "उद्या दुधातपण घालू हं," असं म्हणायची मी. तो ताट सरकवायचा. मी धरून चालले होते की हा मूर्ख आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एकदा दिवेलागणीला त्यानं बायकोला, चंद्रीला, विचारलं, "आज कंदील का नाय लावलास?" कंदील त्याच्या पाठीशीच खुंटीवर जळत होता. मग हळूहळू बाहेर आलं, की गेले दोन महिने मुरबाडहून येताना सूर्य कलला की तो बैलांवर भरवसा ठेवून नुसता गाडीत बसून असायचा. मुरबाडच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, रातांधळेपणा आहे. त्यावरचं माशाचं तेल लढाईमुळे मिळत नाही. पालेभाजी, भोपळा, पपई पोटात गेली पाहिजे, नाहीतर बुबुळावर फूल पडेल, मग दिवसाही दिसायचं नाही. गणूनं सगळं नीट ऐकून घेतलं, घरी आला, आणि माठाची भाजी वाढल्यावर विचारलं, "काकडं घातली का?"

चंद्रीचं पत्र आलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, मी तडक धसई गाठली. लग्नानंतर शिकून मी शहापूरच्या शाळेत मास्तरीण झाले होते. मोठमोठ्या आडमुठ्या मुलींना मी सुतासारखं सरळ केलं होतं, मग हा कोण लागून गेला? मी रूळ घेऊन त्याच्यासमोर बसले. बत्तीस वर्षांचा बाप्या घास गालात धरून ठेवायचा आणि परसात जाऊन उकिरड्यावर थुंकायचा. चंद्रीनं पाला वाटून भाकरीत मळला, तर भाकरी दिव्यापाशी, उजेडात धरून म्हणाला, "ही हिरवी का?" अशा वेळी बरं दिसायचं मेल्याला! मी त्याला म्हणाले, "आंधळा झालास तर भीक मागायला वाडगासुद्धा देणार नाय मी." खरंच म्हणाले. चंद्री उठून आत गेली. ती रडत होती हे मला कळलं, आणि तिचाही मला रागच आला.

मृग लागला. सुट्टी संपायला चार दिवस उरले होते. ठाकरीण शेवळाच्या जुड्या घेऊन दारात आली. चंद्रीनं दोन जुड्या घेतल्या, ओटीभर काकडं घेतली, आणि पाटा-वरवंटा उचलून गणूसमोर आणून ठेवला.

"तुमीच ठेचा," ती म्हणाली. "किती घालायची ती तुमीच घाला."

मी हसले. सापगाव माहेरची ही पोर त्याच्याहून वेडी, असं मनाशी म्हटलं. गणू हसला नाही. त्यानं एकेक काकड ठेचलं, सगळीच्या सगळी, आणि आपल्या हातानं भांड्यात टाकली. भाजी झाल्यावर चंद्रीनं आधी स्वतः घास घेतला, चावून गिळला, मग त्याच्यासमोर आ करून घसा दाखवला. "नाय खाजत. बघा." त्यानं खरोखर वाकून पाहिलं. मग एक घास खाल्ला. थांबला. मग दुसरा.

"एवढ्यासाठी पंचवीस वर्षं छळलंस?" मी म्हणाले.

"बाय, तू केलीस तेवा नव्हती घातली," तो म्हणाला.

आणि मला आठवलं. मी अकरा वर्षांची, तो सात. आई शेतावर गेलेली, आणि मी पहिल्यांदाच एकटीनं शेवळं शिजवलेली. आईनं काढून ठेवलेली काकडं मी सकाळी सागरगोटे म्हणून खेळले होते आणि पार हरवून बसले होते. गणू पहिल्याच घासाला ओरडला, "खाजतं गो बाय!" मी स्वतः चव घेतली नव्हती. मी त्याचं नाक दाबलं, "नखरे करतोस" म्हणत उरलेली भाजी त्याच्या तोंडात कोंबली, आणि आई आल्यावर तिला सांगितलं की हा ढोंग करतोय. तिनं त्याला दोन थपडा दिल्या. त्या दिवसापासून त्याच्या पितळीच्या कडेला रांग लागायला लागली, आणि त्या रांगेला सगळ्यांत जास्त हसले मी.

क्षमा मागायची ती जागा होती. मी काय म्हणाले सांगू? "मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"इचारीत तर होतो रोज," गणू म्हणाला.

पुढे तो सगळं खायला लागला. गणपतीपर्यंत त्याला दिवेलागणीला नीट दिसायला लागलं. मात्र प्रत्येक भाजीत, अगदी भोपळ्यातसुद्धा, एखादं काकड टाकल्याशिवाय घास उचलायचा नाही. मी थट्टा करत राहिले. सवय सुटत नाही. क्षमेचं राहूनच गेलं... आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता.

दिवसकार्य उरकून मी निघाले तेव्हा चंद्रीनं एक बरणी माझ्या हातात ठेवली. मिठातली काकडं. "वन्सं, पावसाळ्यातच भरून ठेवलेली त्यांनी तुमच्यासाठी. म्हनले, बायला दे. ती घालायची इसरते."

बरणी आता माझ्या चुलीवरच्या फळीवर आहे. काल मेथी केली होती. मेथीत काकडाची काहीएक गरज नसते. एक घातलं.