कावेरीची ओटी वाटेतच भरली

ये गे, जवळ सरून बैस. कागदावर का होईना, बैस. फोनवर "काकू, बऱ्या आहात ना?" एवढं विचारायचं आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवून द्यायचं, ही कुठली तऱ्हा? परवा तूच विचारलंस, काकांच्या मागं मोटरसायकलवर बसून तुम्ही खरंच कावेरीच्या उगमाला गेला होतात का. मी "अगे, पोचलो कुठले!" म्हणते तोवर तुझ्या कुकरची शिट्टी झाली. आता तो कुकर उतरव नि नीट ऐक. मी शाळेत फार गेले नाही. ही अक्षरंसुद्धा आत्यानं कोलमच्या, दारातल्या रांगोळीच्या, पिठात गिरवून घेतलेली, तेव्हा चुका पोटात घाल.

त्या साली तुझ्या काकांना कावीळ झाली, ती अशी की डॉक्टरांनी माझ्याशी बोलणंच टाळायला सुरुवात केली. मी आपल्या तंजावूरजवळच्या तिरुवैयारूच्या घाटावर गेले नि कावेरीला म्हटलं, "आई, यांना उठव. मी तुझ्या उगमाशी येऊन तुझी ओटी भरीन." बोलून गेले खरी, पण घरी येताना बसमध्ये मनात आलं, पाण्याला काय ऐकू येतंय? खरं सांगते, माझा तेवढाच विश्वास होता. हे उठले. अशक्त झाले, शुगर निघाली, रोज सकाळी गोळी मागं लागली, पण उठले. मग नवस फेडायचा म्हटल्यावर बंगळूरला कंप्युटरच्या कंपनीत नुकता लागलेला आपला राजू म्हणाला, "अप्पा, मी टॅक्सी करून देतो." हे म्हणाले, "नवस नदीचा, तर वाटही नदीचीच." आणि आपली जुनी मोटरसायकल पुसायला घेतली. मी म्हटलं, "लोक हसतील." तर म्हणतात, "हसू देत. तू घट्ट धर."

डांबरी रस्ता दिसला की हे तोंड फिरवायचे. कालव्याचे बांध, उसातल्या बैलगाडीच्या वाटा, नदीतली कोरडी वाळू, सगळीकडून ती गाडी नेली. माझ्या मांडीवर ओटीचं गाठोडं: तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, गुळाचा खडा. दोनदा वाळूत पडलो, दोन्ही वेळा मी गाठोडं वर धरून पडले. हे म्हणाले, "नवऱ्याला सोडलंस, गाठोड्याला नाही." एका पानमळ्याच्या म्हाताऱ्यानं आम्हाला पडवीत झोपायला दिलं नि स्वतः अंगणात झोपला. पाय ठेवायची दांडी मोडली तर एका लोहारानं ती सांधून दिली, वर ताकही पाजलं. कोण होते गे हे लोक आमचे? कन्नड मुलूख लागल्यावर तर भाषाही संपली, नुसत्या हातवाऱ्यांवर चाललं होतं.

शेवटच्या दिवशी उगम जवळ आला म्हणून मी सकाळपासून उपाशी होते. आपल्याकडे ओटी भरेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, तुला ठाऊक आहे. यांना मी टपरीवर इडली घ्या म्हणून सांगितलं नि गाडीपाशीच थांबले. हे हो म्हणाले नि फक्त गोळी घेतली. तू उपाशी तर मी कसा खाऊ, हा यांचा न्याय. मला कळू दिलं नाही. कॉफीच्या मळ्यांमधली लाल चिखलाची चढण होती. गाडी मध्येच डुलायला लागली नि हळूच कडेला कलंडली. उठून बघते तर हे घामानं भिजलेले, हातपाय थरथरताहेत, डोळे उघडे पण ओळख नाही. मला म्हणाले, "बाई, आपण कोण?" अगे, तीस वर्षांचा संसार आणि मला विचारतात, आपण कोण! मी हाका मारल्या, आधी मराठीत, मग तमिळमध्ये. रानात कोण ऐकणार? मनात एकच आलं: आई, उठवलंस ते इथं आणून पाडायला का?

तेवढ्यात मळ्यातून एक बाई धावत आली. डोक्याला फडकं, कमरेला कोयता, माझ्याहून लहान. तिला मोडकंतोडकं तमिळ येत होतं. यांच्या कपाळाला हात लावला नि मलाच ओरडली, "अक्का, सकाळपासून काय खाल्लं यानं?" मी म्हटलं, इडली. तेव्हा हे पुटपुटले, "नाही." बाईनं इकडेतिकडे बघितलं नि माझ्या छातीशी धरलेलं गाठोडं सरळ ओढलं. मी ओरडले, "अगे, ते देवीचं!" ती म्हणाली, "नदी कुठं जात नाही, अक्का. माणूस जाईल." गाठ सोडली, गूळ फोडून यांच्या गालात ठेवला, कोयत्यानं नारळ फोडून पाणी थेंबथेंब तोंडात सोडलं. मी बघत राहिले. गूळ सकाळपासून माझ्या मांडीवर होता गे. माझ्या मांडीवर! आणि मला तो दिसला नव्हता, कारण तो कावेरीचा होता.

थोड्या वेळानं यांनी माझ्याकडे पाहिलं नि म्हणाले, "रडतेस कशाला? आणि नदी कुठं जात नाही कशी? रोज तंजावूरला तर जाते." तेव्हा मी जी रडले!

त्या बाईनं आम्हाला आपल्या खोलीवर नेलं, ओटीच्याच तांदळाची पेज करून दोघांना वाढली. मी निमूट प्याले. माझा उपास तिथंच सुटला. मळ्याची जीप आम्हाला गावातल्या दवाखान्यात न्यायला आली, तेव्हा खण मी तिला दिला. तिनं तो डोळ्यांना लावला. मग उरलेल्या तांदळातली मूठ घेतली, माझा पदर पसरायला लावला नि चार दाणे त्यात परत टाकले. ज्या बाईची ओटी भरतात तीच असे दाणे परत देते, हे का तुला सांगायला हवं? मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिच्याकडेही ही रीत असेल, असेलच. मी वाद घालत नाही. मी मात्र तिला तिथं चिखलात वाकून नमस्कार केला. "अय्यो, अक्का!" म्हणत ती मागं सरली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गोळी घेऊन उपाशी राहिले म्हणून शुगर उतरली, गूळ पडला नसता तर कठीण होतं. राजू येऊन आम्हाला घेऊन गेला. उगम आम्ही कधीच बघितला नाही. हे पुढं पुष्कळ वर्षं जगले, दर आडी महिन्यात, नदीला नवं पाणी आलं की घाटावर जाऊन पाण्याला हात जोडायचे नि म्हणायचे, "पेज छान होती." मला एवढंच कळलं की नवस बोलणं माझ्या हातात होतं, तो कुठं उतरवून घ्यायचा, कुणाच्या हातानं, हे तिचं ती बघते. आपण गाठोडं फार आवळून धरू नये.

ते दाणे देवघरात चांदीच्या डबीत आहेत. लग्न झाल्यापासून तू आली नाहीस, तुझी ओटी भरायची राहिली आहे. लवकर ये, नवऱ्यालाही आण, आणि वाटेत दोघं पोटभर खाऊन या. उपाशी आलेलं मला आता चालत नाही. निघताना माझ्या पदरात चार दाणे परत टाकायला मात्र विसरू नकोस.