आसराबाईची कॉट

आसराबाईच्या मते जगात दोनच तऱ्हेची माणसं असतात, एक कामाची आणि दुसरी मिटिंगची. बावीस वर्षं एकाच कॉलेजात झाडू मारल्यावर माणसाचं असं मत होतंच. कॉलेज परतूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाव कशाला घ्यायचं? तिथल्या मोठ्या लोकांनाच लाज वाटत नाही, तर आपण कशाला त्यांना लाजवायचं.

बाई धनगराच्या घरातली, पंचावन्नच्या पुढची. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. कळपात कोणतं मेंढरू आज मागं पडणार हे तिला सकाळीच कळायचं, आणि कॉलेजच्या गेटातून आत येणाऱ्या पोरींचंही तसंच. कोण न खाता आली, कुणाचं पोट दुखतंय, कुणी पहाटे चारला उठून घरभराच्या भाकरी थापून सहाची बस धरली, हे तिला विचारावं लागत नव्हतं. अशी पोरगी दिसली की ती हाताला धरायची आणि लेडीज रूमच्या शेजारच्या खोलीत न्यायची. खोलीवर 'आरोग्य केंद्र' अशी पाटी होती. डॉक्टर वर्षातून दोनदा यायचे, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला, तेही झेंड्यासाठी.

खोलीत कामाची वस्तू एकच होती, लोखंडी कॉट. ती काही कॉलेजनं घेतली नव्हती. बारा वर्षांपूर्वी एक पोरगी नळाजवळ चक्कर येऊन पडली तेव्हा तिला व्हरांड्यातल्या फरशीवर ओढणी टाकून निजवावं लागलं होतं. भोवती पोरांचा घोळका, आणि मास्तर लोक लांबून 'पाणी मारा, पाणी मारा' म्हणत होते. आसराबाईला त्या दिवशी फार शरम वाटली. पुढच्याच महिन्यात ती जालन्याला, मस्तगडात राहणाऱ्या नणंदेकडं गेली, तर शेजारच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केलेला आणि त्यांची कॉट भंगारात चाललेली. बाईनं भंगारवाल्याच्या हातातून ती ओढून घेतली आणि काळीपिवळीच्या टपावर बांधून आणली. ड्रायव्हर नको नको म्हणत होता. "तुझी पोरगी पडली तर रस्त्यावर निजवशील का रे मुडद्या?" असं तिनं विचारल्यावर त्यानंच दोरी आवळली.

तेव्हापासून पोरी त्या कॉटवर अर्धा तास आडव्या व्हायच्या आणि उठून तासाला जायच्या. यात कुठं समिती नव्हती.

मग वरून एक कागद आला. आरोग्यसेवा कशी असावी हे विद्यार्थ्यांना विचारून ठरवा, त्यांची सल्लागार समिती नेमा, असं त्यात होतं. कागद वाईट नव्हता हो. विचारायलाच पाहिजे पोरांना. पण कागद पडला प्राचार्य अप्पाराव सरांच्या हातात, आणि अप्पाराव सरांनी आयुष्यात कुणाला काही विचारलेलं नाही, वेळ सोडून. कॉलेजच्या तपासणीची टीम महिनाभरात येणार होती. सरांनी चहा पिता पिता समिती नेमली. अध्यक्ष आदिनाथ. हा तिसऱ्यांदा एम.ए. करत होता, कारण कॉलेज सुटलं तर 'विद्यार्थी नेते' म्हणवून घ्यायला जागा उरली नसती. सचिव साधना, बाजारपेठेतल्या किराणावाल्यांची. पोरगी हुशार, बोलायला चटपटीत, घरून चालत पाच मिनिटांत यायची आणि डब्यात रोज दोन भाज्या. त्या कॉटवर ती कधी टेकलीसुद्धा नव्हती. बाकीची नावं हजेरीपटातून उचलली, आणि त्यातल्या दोघांना तर आपण समितीवर आहोत हे शेवटपर्यंत कळलं नाही.

विद्यार्थ्यांचं मत मोबाईलवर मागवलं. कँटीनमध्ये बसून आदिनाथच्या चार दोस्तांनी ते तासाभरात भरून टाकलं. ज्यांना खरं विचारायला पाहिजे होतं त्यातल्या कितीतरी पोरींकडं मोबाईलच नाही. मोनिकाचंच बघा. ही घनसावंगीच्या पलीकडून यायची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात मोबाईल एकच, तो बाप मेंढरांबरोबर घेऊन जायचा. अंगानं वाळलेली, ओठ पांढुरके, जिना चढली की कठड्याला धरून उभी राहायची. आठवड्यातून दोनदा तरी ती कॉटवर असायची. तिचं मत कुणाच्या मोबाईलात नव्हतं.

समितीची बैठक त्याच खोलीत झाली. आसराबाई चहाचा ट्रे घेऊन आत गेली तेव्हा अप्पाराव सर इतिवृत्त वाचून दाखवत होते. बैठक अजून व्हायची होती, पण इतिवृत्त टाईप होऊन आलेलं होतं.

"विद्यार्थ्यांची मुख्य मागणी मनःशांतीची आहे," आदिनाथ म्हणाला. "चौऱ्याण्णव टक्के. भिंतीवर छान चित्रं काढू, खाली बसायला गाद्या, कोपऱ्यात आरसा. आरशावर लिहायचं, हसत राहा."

"व्हय, उपाशी पोटी हसावं म्हणतो," आसराबाई कपबशी ठेवता ठेवता बोलली.

सरांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. "आणि ही कॉट?"

"ती राहू द्या सर," साधना म्हणाली. "कॉट नसेल तर दवाखाना वाटणारच नाही. फक्त रंग द्यायचा, नवी गादी, पांढरी चादर, शेजारी सलाईनचा स्टँड. आणि टीम येईपर्यंत कुणी वापरायची नाही, चादर चुरगळते."

आसराबाईच्या हातातला ट्रे थांबला. "आन पोरींनी पडायचं कुठं?"

"मावशी, तीनच आठवड्यांचा प्रश्न आहे," आदिनाथ म्हणाला.

"तीन आठवडे तू उभ्यानं झोप. जमतं का बघ."

तो हसला. सगळेच हसले. अप्पाराव सर शांतपणे म्हणाले, "तुमची सूचना लेखी द्या, मावशी. समिती विचार करील." आणि खोलीला कुलूप लागून किल्ली आदिनाथच्या खिशात गेली.

आसराबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं मोनिकाकडून लिहून घेतलं: 'पोरींला पडायला जागा पाहिजे. कॉट उघडी करा.' खाली अंगठा दिला. सरांनी कागद फाईलला लावला आणि सांगितलं, तुम्ही साफसफाईच्या ठेकेदाराकडच्या आहात, जरा जपून बोलत जा, आम्ही त्यांना कळवलं तर उगीच वाईट दिसेल. बावीस वर्षं बाईनं यांच्या संडासात फिनेल टाकलं, आणि ती ठेकेदाराची! तिला हसू आलं आणि रागही आला. राग जास्त आला.

तीन आठवडे पोरी मागच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोत्यावर पडल्या. आसराबाई शेजारी उभी राहून पोरांना हाकलायची. मोनिका तर एकदा पोत्यावरून उठताना पुन्हा खालीच बसली. "घरी सांगितलं का?" बाईनं विचारलं. "सांगून काय होतं मावशी, सगळ्यांनाच थकवा येतो म्हणत्यात," ती म्हणाली. बाई त्या दिवशी दोनदा आदिनाथकडं किल्ली मागायला गेली, आणि दोनदा त्यानं रंग ओला असल्याचं सांगितलं.

टीम यायच्या आदल्या दिवशी समितीनं शेवटचा ठराव केला. त्याला तोड नाही. आजारी आणि अशक्त विद्यार्थिनींनी उद्या कॉलेजात येऊ नये, असा तो ठराव. ऐन वेळी कुणी चक्कर येऊन पडलं तर आरोग्य केंद्राचं नाव खराब होईल ना! पण केंद्रात पेशंट तर दिसला पाहिजे, म्हणून पेशंट ठरला तोही ठणठणीत. साधनानं कॉटवर पडायचं, हाताला सलाईनची नळी चिकटपट्टीनं लावायची, आणि टीम जाईपर्यंत काही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत. ठराव मोबाईलच्या ग्रुपवर टाकला. मोनिकाला तो मिळायचा प्रश्नच नव्हता, आणि परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. ती सहाच्या बसनं आली.

आसराबाईला सकाळीच सांगितलं होतं, मागच्या बाजूला थांबायचं, पुढं यायचं नाही. ती मागच्या बाजूलाच होती. म्हणून तर टाकीजवळ धपकन आवाज झाला तो पहिला तिनं ऐकला. मोनिका पालथी पडली होती, हातात फॉर्म. अंग गार, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर नुसता हुंकार. बाईनं तिला बगलेत घेतलं. पोरगी वजनाला काहीच नव्हती, त्याचंच बाईला भ्याव वाटलं.

आरोग्य केंद्राच्या दारात ती पोचली तेव्हा आत टीम उभी होती, दोन साहेब आणि एक बाई. भिंतीवर फुलं, आरशावर 'हसत राहा', कॉटवर साधना. अप्पाराव सर सांगत होते, "ही आमची विद्यार्थिनी, अशक्तपणा आहे, सकाळीच दाखल केलं. विद्यार्थ्यांच्या सूचनेवरून चोवीस तास ही सोय आम्ही..."

"सरका," आसराबाई म्हणाली.

"मावशी, नंतर," सर दात आवळून म्हणाले. आदिनाथ पुढं झाला आणि दार लोटायला लागला.

टीमच्या बाईंनी मोनिकाकडं बघितलं. "हिला काय झालंय?"

"काही नाही मॅडम. गर्दी बघून घाबरली असेल. खेड्यातल्या मुली..."

आसराबाईनं आदिनाथला खांद्यानं बाजूला ढकललं, कॉटजवळ गेली आणि म्हणाली, "ऊठ गं पोरी. खरी आली."

साधना हलली नाही. काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत असं सांगितलं होतं ना! पापण्या फडफडत होत्या, पण उघडत नव्हत्या. शाळेपासून पहिली येणारी पोरगी, सांगितलेलं बराबर करणार.

"ऊठ म्हणते ना!" बाईनं एका हातानं मोनिकाला धरलं आणि दुसऱ्या हातानं गादीची कड उचलून पालथी केली. साधना "आई गं" म्हणत थेट पायांवर उभी राहिली. चादरीखाली पायात सँडल तशाच होत्या. नळी निघून लोंबायला लागली, तिला सुई नव्हतीच. दोघा साहेबांपैकी एकानं घड्याळ बघितलं.

आसराबाईनं मोनिकाला कॉटवर निजवलं, पाय उशीवर ठेवले, आणि तळवे चोळायला लागली.

"तुम्ही समितीवर आहात का?" टीमच्या बाईंनी विचारलं.

"न्हाई बाई. मी झाडू मारते." मग मान न वळवता तिनं आवाज दिला, "ए सर, नुसते उभे काहून राह्यले? गाडी काढा जल्दी. पोरगी गार पडून राह्यली."

अप्पाराव सरांनी खरंच गाडी काढली. माणुसकी आली असं समजू नका. टीमच्या बाई दारातच उभ्या होत्या आणि त्या हलत नव्हत्या. सरकारी दवाखान्यात मोनिकाचं हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. डॉक्टरीण बाई ओरडल्या, इतके दिवस काय करत होता म्हणून. सर म्हणाले, आम्ही समिती नेमलीय. त्याच दिवशी पोरीला जालन्याला हलवून रक्त चढवलं. बाप मेंढरं रानात सोडून आला आणि दवाखान्यात तिच्या कॉटच्या पायाशी खाली बसून राहिला.

पहिल्या तारखेला ठेकेदारानं आसराबाईला, उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर त्यालाही माहीत नव्हतं. ती भांडली नाही. भांडायचं तर कुणाशी, तो बापडा निरोप्या. पण स्टोअरमध्ये झाडू ठेवताना तिला रडू आलं, आणि ज्यांच्या पायी आलं त्यांना तिनं तिथंच उभं राहून सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या. साधना तेवढी गेटपर्यंत आली होती. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण आज तिला काय बोलायचं ते कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून ती तशीच उभी राहिली.

दोन महिन्यांनी घनसावंगीच्या स्टँडवर मोनिका दिसली. ओठाला जरा रंग आला होता. आसराबाई आता दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात होती. दोघी फलाटाच्या कट्ट्यावर बसल्या.

"मावशी, टीमनं त्यांच्या कागदात लिहिलं म्हणं, ही खोली कायम उघडी पाहिजे, कॉट वापरात पाहिजे. आता कुलूप लावता येत न्हाई त्यांला."

"बरं झालं."

"पण कॉलेजनं पेपरात दिलं, समितीच्या मागणीवरून सोय झाली म्हणून. आदिनाथचा हार घातलेला फोटो निघाला. तो मोठा करून बरोबर कॉटच्या वर भिंतीला लावलाय." मोनिका तिच्याकडं वळली. "तुमचं नाव कुठंच न्हाई, मावशी. मला इतका राग येतो त्या फोटोचा."

आसराबाईनं विचारलं, "पोरींला निजायला मिळतं ना?"

"मिळतं. काल चौघी होतो, आळीपाळीनं."

"मंग लागू दे त्या मुडद्याचा फोटो," आसराबाई म्हणाली. "निजल्यावर डोळे मिटलेलेच असत्यात."