आमच्या माहितीतली खानावळ

तुम्हाला म्हणून सांगतो, पण चहा संपेपर्यंत हसायचं नाही. कोल्हापुरात कुठं काय खावं, कुठला पिक्चर बघावा, गोव्याला कुठल्या घाटानं जावं, हे सगळं लोक मला विचारतात. म्हणजे विचारत नाहीत, मीच सांगतो. स्टँडवर शेजारी उभ्या राहिलेल्या माणसालाही सांगतो. त्यातलं निम्मं मी बघितलेलं, खाल्लेलं नसतं, हे फक्त आमच्या मंडळींना ठाऊक.

तर झालं काय, आमच्या अनुजाला पुण्याचं स्थळ आलं. पोरापोरीची पसंती झालेली, आईबापांनी भेटून होकार द्यायचा तेवढा राहिलेला. मुलाचे वडील जगदाळे, खाण्याचे भारी शौकीन. फोनवर म्हणाले, "रविवारी येतोय. जेवायला हॉटेल नको. तुमच्या माहितीतलं अस्सल काहीतरी सुचवा."

आता असं विचारल्यावर मी गप्प बसणार होय? म्हटलं, "शिवाजी पेठेत एक घरगुती खानावळ आहे. बोर्ड नाही, काही नाही. घरातच पंगत बसते. मालक म्हणजे आपला घरचा माणूस."

या खानावळीबद्दल मी ऑफिसातल्या एकाकडून ऐकलं होतं. तेही जिन्यात, तो वर जाताना आणि मी खाली येताना.

"अवो, आधी एकदा जाऊन तरी या," मंडळी म्हणाल्या. "लेकीच्या लग्नाचा प्रश्न हाय."

"पेठंत मटणाची खानावळ सापडाय काय अवघड हाय? वासानं जायचं की."

आणि खरंच वासानं गेलो. जगदाळे, त्यांच्या मिसेस आणि आम्ही दोघं. एका गल्लीत शिरलो तर असा घमघमाट, की जगदाळ्यांनी डोळेच मिटले. दारात छोटा मांडव, चपलांचा ढीग, आत पंगत बसलेली. बोर्ड नाही. अजून काय पाहिजे?

दारात फेटा बांधलेले एक म्हातारबाबा उभे होते. मी सरळ त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "काय आबा, वळखलं का न्हाय?"

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग जगदाळ्यांच्या कडक इस्त्रीकडं बघितलं. "व्हय की, वळखलं की. लई उशीर केलासा पावणं. बसा, बसा."

मी जगदाळ्यांकडं बघून नुसती मान हलवली. आणि तिथून पुढं माझ्या अंगातच आलं.

"आबा, पुण्याचं पावणं हायत. नळ्या बघून वाढा," मी पंगतीतून ओरडलो. नळ्या आल्या. मग पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि म्हटलं, "आज जरा पातळ झालाय. मागच्या खेपेला असा नव्हता." आबा बिचारे ओशाळले. आत जाऊन त्यांनी बायकांना दुसरं पातेलं चढवायला लावलं.

मंडळींनी कोपरानं ढोसलं. "अवो, हितं समदी एकमेकास्नी मामा, आत्या म्हणायल्यात."

"घरगुती हाय न्हवं. असंच असतंय."

तेवढ्यात एक बाई तान्ह्या पोराला घेऊन पंगतीतून फिरू लागली. पोराच्या डोक्याचा ताजा गोटा, वर हळद लावलेली. मी त्याचा गालगुच्चा घेतला आणि त्या बाईकडं तांबडा मागितला. जगदाळ्यांच्या मिसेसनी पर्समधून एक नोट काढून पोराच्या मुठीत ठेवली, तर मी त्यांना अडवलं. "वहिनी, टीप नको. इथं चालत नाही."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. पुण्याची माणसं, संकोची असतात, मी मनात म्हटलं.

जेवण झालं. हात धुऊन मी ऐटीत पाकीट काढलं. "आबा, बिल किती झालं?"

"कशाचं?"

"जेवणाचं की."

पंगतीतली डोकी आमच्याकडं वळली. आबा जवळ आले. "पावणं, माझ्या नातवाचं जावळ हाय आज. तुम्ही सुनंच्या म्हायेरचं न्हवं?"

समोरच्या ओळीतून सुनेचे वडील म्हणाले, "आमच्यातलं न्हवंत. आम्ही म्हटलं तुमच्यातलंच हायत. रस्सा पातळ म्हणून बोलणारा माणूस घरातलाच असणार की."

मी पाकीट परत खिशात कोंबलं. मंडळींच्या डोळ्यांत पाणी. संपलं, मी म्हटलं, पोरीचं लग्न मोडलं. बापानं मोडलं, तेही तिसऱ्याच्या घरी फुकट जेवून.

मी आबांचे पाय धरायला वाकलो. "चूक झाली हो आबा."

"चूक कसली त्यात? पोटभर जेवलासा न्हवं? पान खाल्ल्याबिगर हलायचं न्हाय," आबा म्हणाले, आणि खरंच त्यांनी हलू दिलं नाही.

गाडीत बसेपर्यंत जगदाळ्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. मग हसायला लागले ते थांबेनातच. "अहो, पोराचा गोटा बघितला तेव्हाच आम्हाला कळलं होतं. पण हिला तुम्ही टीप नको म्हणालात ना, तेव्हाच मी ठरवलं, मुलगी ह्याच घरातली करायची. जन्मभराची करमणूक झाली."

लग्न ठरलं, आणि दणक्यात झालं. फक्त लग्नाच्या दिवशी सकाळी आमच्या दारात मुलाकडची गाडी उभी. मी म्हटलं, "अरे, कार्यालय आमच्याच गावातलं, मी येतो की चालत."

ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, मुलीच्या वडिलांना हाताला धरून बोहल्यापाशी आणून सोडायचं. एकटे निघाले तर वाटेत कुणाच्याही पोरीचं कन्यादान करून बसतील."